स्टेपनीत हवा आहे का?

आसामात पोस्टिंगला होतो. एप्रिलमधल्या एका रात्री वीज कडाडली आणि सकाळी ऑफिसातला एकुलता एक चोवीस पोर्टचा स्विच मेलेला. अठराही कॉम्प्युटर धडधाकट, पण एकमेकांशी बोलेनात. बाहेर बाकावर एक वीरपत्नी बसल्या होत्या, फॅमिली पेन्शनच्या कागदांसाठी पहाटेची बस धरून आलेल्या. काम तिसऱ्या दिवशी झालं. त्या काही बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग एक विक्रेता आला. एकमेकांना जोडलेले दोन भारी स्विच घ्या म्हणाला. किंमत ऐकून आमचे सुभेदारसाहेब चहा प्यायचे थांबले.

माझं मत स्पष्ट आहे: एवढ्याशा ऑफिसाला हे नको. टेबलावरच्या कॉम्प्युटरला बहुधा नेटवर्कचं एकच पोर्ट असतं. त्याची केबल ज्या स्विचमध्ये, तो गेला की तो कॉम्प्युटरही गेला. शेजारी कितीही महाग जोडीदार बसवा. दोन पोर्टवाल्या सर्व्हरला जोडीचा फायदा होतो, कारकुनाला नाही.

दुसरं टोकही पाहिलं. एका उत्साही जवानाने दोन साधे स्विच दोन केबलींनी जोडले, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. काही सेकंदांत सगळं ठप्प! साध्या स्विचमध्ये असा फेरा झाला की सर्वांना उद्देशून निघालेला संदेश गोल गोल फिरतच राहतो. यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री, राडिया पर्लमन यांनी 1985 मध्येच शोधला: जादा वाट बंद ठेवायची, गरज पडली की उघडायची. पण ती सोय मॅनेज्ड स्विचमध्ये मिळते. साध्या स्विचांमध्ये एकच केबल, बस्स.

आम्ही त्याच मॉडेलचा दुसरा स्विच घेतला, सेटिंग भरून कपाटात ठेवला आणि प्रत्येक केबलीवर पोर्टचा नंबर चिकटवला. गाडी बाहेर काढताना स्टेपनीतली हवा बघतो, तसा महिन्यातून एकदा शनिवारी स्विच बदलण्याचा सराव ठरवला.

पहिल्या सरावाला चाळीस मिनिटं लागली. स्विच कपाटात होता, त्याची पॉवर केबल कुणीतरी मॉनिटरला लावली होती. पुढच्या महिन्यात अकरा मिनिटं. केबल आता सुतळीने स्विचलाच बांधलेली असते.