रांग सोडून परत येण्याचा हक्क



दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात 1909 सालचा एक तक्रार-अर्ज प्रसिद्ध आहे. बंगालमधील अहमदपूर स्थानकावर गाडी थांबली असता, फणस खाऊन पोट फुगलेले ओखिलचंद्र सेन नावाचे प्रवासी शौचास गेले, तेवढ्यात गार्डाने शिट्टी दिली, आणि एका हातात लोटा व दुसऱ्या हातात धोतर सावरीत धावणारे सेनबाबू फलाटावर स्त्रीपुरुषांच्या समक्ष पडले व गाडी त्यांना तेथेच टाकून निघून गेली, ही हकीकत त्यांनी साहिबगंजच्या विभागीय कचेरीस कळविली व गार्डाला जबर दंड करावा अशी मागणी केली. अर्जाचे इंग्रजी मोडकेतोडके असल्यामुळे शंभराहून अधिक वर्षे लोक त्याला हसत आले आहेत. अर्जदाराचे म्हणणे मात्र यत्किंचितही हास्यास्पद नव्हते. देहधर्मासाठी घटकाभर बाजूला झालेल्या मनुष्याकरिता गाडी थांबू शकत नसेल, तर दोष त्या मनुष्याच्या देहाचा की गाडी चालविणाऱ्याच्या शिरस्त्याचा, एवढेच त्याला विचारावयाचे होते; आणि तोच प्रश्न आज आम्ही आपल्या प्रांतातील करमणूक-उद्यानांच्या चालकांना, त्यांना परवाने देणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि तेथे मुलाबाळांसह हौसेने जाणाऱ्या आपणा सर्वांना विचारीत आहोत.

आम्ही म्हणजे ज्यांच्या आतड्यांना कायमचे दुखणे जडले आहे असे लोक. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन व त्यांचे दोन सहकारी यांनी 1932 मध्ये ज्याचे वर्णन प्रसिद्ध केले तो क्रोन्स रोग, मोठ्या आतड्याच्या अस्तरावर व्रण पाडून रक्त व आव पाडणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस, आणि तपासणीत काहीही न सापडता आतड्याची चालच बिघडवून टाकणारा आयबीएस, अशी या दुखण्यांची अनेक नावे आहेत; जुनी माणसे या साऱ्यांना संग्रहणी म्हणून मोकळी होत. निरोगी माणसाचा गुदाशय ताणला जाऊ शकतो, मल काही काळ धरून ठेवतो, आणि म्हणून त्या माणसाला ‘जरा वेळाने जाऊ’ असे म्हणण्याची सवड मिळते. दाहाने ताठरलेला गुदाशय ही सवड देत नाही. कळ आली की काही मिनिटांत, कधी त्याहूनही कमी अवधीत, जागा गाठावीच लागते. इच्छाशक्ती, संस्कार, शरम यांपैकी कशाचाही तेथे उपयोग होत नाही. त्यातच अन्न पोटात गेले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढावी हा निसर्गक्रम, आणि ‘आता लागली तर काय’ या भीतीनेही ती वाढावी हा त्याच निसर्गाचा क्रूर विनोद; सबब आमच्यातील कित्येक लोक सहलीच्या दिवशी सकाळपासून पोटात अन्नाचा कण जाऊ देत नाहीत, मे महिन्याच्या उन्हात पाणीदेखील घोटाघोटाने पितात, आणि चक्कर आली म्हणजे घरच्यांचीच बोलणी खातात. हे आजार म्हातारपणाचे आहेत अशी कोणाची समजूत असल्यास तीही चुकीची आहे. कोलायटिस व क्रोन्स यांची सुरुवात बहुधा पंधरा ते तीस या वयात होते, म्हणजे ज्या वयात मनुष्याला उंच पाळण्यात बसावेसे वाटते त्याच वयात.

आता उद्यानाची रचना पाहा. गोराईला 1989 मध्ये एस्सेलवर्ल्ड उघडले, 2013 मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आले, आणि मध्यंतरीच्या काळात लहानमोठी जलोद्याने जागोजाग उभी राहिली. तेव्हा करमणूक-उद्यान ही आता मूठभर श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. अशा ठिकाणी खरा व्यवहार चालतो तो पाळण्याचा नसून रांगेचा. पाळणा दोनतीन मिनिटांत आटोपतो. त्यासाठी गर्दीच्या दिवशी तास-तासभर उभे राहावे लागते, तेही लोखंडी गजांनी आखलेल्या नागमोडी वाटेत, जिच्यात एकदा शिरलेल्या माणसाला बाहेर पडावयाचे झाल्यास मागे उभ्या असलेल्या दोनशे माणसांच्या छातीला छाती घासून उलट चालत यावे लागते. तशी वाट काढीत तो बाहेर आला, पाट्या शोधीत संडासापर्यंत पोहोचला, तेथील रांगेतही उभा राहिला, आणि सुटका होऊन परत आला, तर द्वारावरील नोकर त्याला शेपटाकडे बोट दाखवितो. पुन्हा तासभर. त्या तासात पुन्हा कळ येणार नाही याची हमी कोण देणार? अशा रीतीने दिवसभराचे तिकीट काढून आलेला मनुष्य संध्याकाळी एकाही पाळण्यात न बसता, बाकावर कुटुंबाच्या पिशव्या सांभाळून घरी परततो, आणि त्याच्या तिकिटाचे पैसे मात्र पुरते वसूल झालेले असतात.

रांग ही सर्वांना समान, तिच्यात कोणासाठीही अपवाद करता येणार नाही, असे जे उत्तर आम्हास देण्यात येते ते ऐकताना आश्चर्य वाटते. कारण त्याच रांगेच्या शेजारी दुसरी एक वाट असते, आणि जादा दराचे तिकीट घेतलेल्या इसमास त्या वाटेने सन्मानाने पुढे नेण्यात येते. म्हणजे रांगेला दार आहे, ते उघडते, उघडल्याने व्यवस्था कोलमडत नाही आणि खोळंबलेले लोक दंगाही करीत नाहीत. प्रश्न एवढाच की ते कोणत्या नाण्याने उघडते. आतड्याला व्रण पडलेल्या मुलीला जे मिळणे अशक्य, ते बापाच्या खिशात पैसे असलेल्या मुलाला सहज शक्य, असा हा समानतेचा अर्थ आहे.

हे केवळ आमच्याकडील दारिद्र्याचे लक्षण आहे असेही नाही. अमेरिकेत, जेथे या उद्योगाने आपले वैभव उभारले, तेथील डिस्नेच्या उद्यानांत ठराविक वेळी परत येण्याची चिठ्ठी 1999 पासून फुकट मिळत असे. 2021 मध्ये तिची जागा विकतच्या सोयीने घेतली. आणि 2024 च्या अखेरीस फ्लोरिडातील उद्यानांत जो सर्वांत महाग पास निघाला त्याचा दर माणशी, दिवसाला, 129 पासून 449 डॉलरपर्यंत ठेवण्यात आला. त्याच वर्षी, 20 मेपासून फ्लोरिडात आणि 18 जूनपासून कॅलिफोर्नियात, विकलांगांना रांगेबाहेर थांबू देण्याची जी सवलत होती ती मुख्यत्वे स्वमग्नता व तत्सम विकासात्मक विकलांगता असणाऱ्यांपुरती आखडून घेण्यात आली, आणि क्रोन्स-कोलायटिसच्या अनेक रुग्णांना असे सांगण्यात आले की त्यांनी इतरांप्रमाणे रांगेत शिरावे, गरज पडल्यास रांग सोडून जावे व उरकून परत यावे. पैशाची वाट रुंद होत असताना दुखण्याची वाट त्याच वर्षी अरुंद व्हावी, हा योगायोग असेल तर मोठा बोलका योगायोग आहे. तरीही न्यायाने हेही म्हटले पाहिजे की आम्हांस येथे जे मागावयाचे आहे, म्हणजे सोडलेल्या रांगेत परत घेतले जाणे, ते तेथे निदान नियम म्हणून उच्चारले तरी जाते. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी तो विचार कोणाच्या मनाला शिवलेलाच नाही.

सवलतीचा गैरफायदा घेतला जाईल, ही भीती आम्ही खोटी म्हणत नाही. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात अशा बातम्या आल्याच होत्या की काही धनिक कुटुंबे विकलांग माणसाला भाड्याने सोबत घेऊन रांग चुकवितात. परंतु आमच्या मागणीत चोरण्यासारखे आहे तरी काय? आम्ही पुढे जाऊ द्या म्हणत नाही. जितका वेळ इतर लोक गजांच्या आत थांबतील तितकाच वेळ आम्ही गजांच्या बाहेर, संडासाच्या हाकेच्या अंतरावर थांबू. आमची पाळी आली की आम्हांस बोलवावे, आणि पाळी आली असता आम्ही आत गुंतलेले असलो तर त्यापुढील पाळण्यात घ्यावे. संडासाशेजारी तासभर बसण्याच्या मोहाने कोलायटिसचे सोंग करणारा इसम कोणाला आढळला तर त्याला आमच्याकडे पाठवावे, आमच्या गोळ्याही त्याने घ्याव्यात.

आणि ‘झेपत नसेल तर घरी राहावे’ असे म्हणणाऱ्यांना आम्ही शाळेच्या सहलीची आठवण देतो. हिवाळा आला की गावोगावच्या शाळांच्या बसगाड्या या उद्यानांकडे निघतात, वर्गात आठवडाभर दुसरा विषय नसतो, आणि नववीतला एक मुलगा पालकांच्या संमतीची चिठ्ठी न आणता आणतो ती ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ न येण्याची. गुरुजींना वाटते घरची परिस्थिती बेताची असेल. मित्रांना वाटते हा भित्रा आहे. खरे कारण सांगण्यापेक्षा भित्रा ठरणे त्या मुलाला परवडते. त्याला पाळण्याची भीती नसते. चाळीस वर्गमित्रांच्या देखत, गजांच्या वाटेत, चड्डी खराब होण्याची भीती असते. आणि ज्याने ती भीती अनुभवली नसेल त्याने तिच्यावर उपदेश करू नये. मुख्याध्यापक महाशयांना आमची विनंती आहे की सहलीचे ठिकाण ठरविताना भोजनाचा दर जसा विचारतात तसा हाही प्रश्न त्यांनी लेखी विचारावा, बसच्या मार्गावर दर तासाला थांबा ठेवावा, आणि अशा मुलाला वर्गासमोर ‘तुला पुन्हा?’ असे न विचारणारा एक शिक्षक सोबत द्यावा. यास खर्च शून्य आहे.

आता संडासांविषयी. प्रत्येक मोठ्या पाळण्याच्या रांगेलगत, निदान तिच्या मध्यावर व तोंडाशी बाहेर पडण्याचे फाटक असावे, आणि तेथून जवळचा संडास किती पावलांवर आहे हे फाटकावर व प्रवेशाच्या वेळी मिळणाऱ्या नकाशावर छापलेले असावे. उपाहारगृहे ज्या ठळकपणाने दाखविली जातात त्या ठळकपणाने ही जागाही दाखविण्यात लाज कसली? आत कमोड असावा, कडी लागावी, पाणी यावे, साबण असावा. ज्यांचे आतडे शस्त्रक्रियेने पोटावर उघडून तेथे पिशवी लावलेली असते त्यांना ती पिशवी रिकामी करताना सामान ठेवण्यास एक फळी, कपडे अडकविण्यास खुंटी आणि झाकणाची कचरापेटी लागते. या तिन्ही वस्तूंची किंमत उद्यानाच्या एका दिवसाच्या दिव्यांच्या रोषणाईएवढीही होणार नाही. येथे एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे की घाणेरड्या संडासाचा दोष तेथे राबणाऱ्या सफाई कामगाराच्या माथी मारण्याची जी वहिवाट आहे ती आम्हांस मान्य नाही. पाच हजार माणसांमागे दोन कामगार नेमणाऱ्याने झाडूकडे बोट दाखवू नये. तसेच आमच्या बाजूनेही सांगून टाकावयास हवे की आमचे आजार संसर्गजन्य नसले तरी दुखणे उसळलेले असताना आम्ही सामाईक तलावात उतरण्याचा आग्रह धरीत नाही, आणि धरू नये. आणखी एक गोष्ट खाण्याची: उद्यानाच्या फाटकावर बाहेरचे खाणे काढून घेतात, तो नियम चालकांच्या उपाहारगृहास कितीही लाभदायक असला तरी पथ्याचा दहीभात, मीठसाखरेच्या पाण्याच्या पुड्या, औषधे आणि बदलण्याचे कपडे घेऊन येणाऱ्याला तो लागू करणे ही निर्दयता आहे.

कायद्याची स्थिती अशी आहे. विकलांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या अधिनियमात 21 प्रकारच्या विकलांगता नोंदविल्या आहेत. त्यांत आमच्या आतड्यांना जागा मिळालेली नाही. याउलट अमेरिकेतील इलिनॉय राज्याने 2005 मध्ये, दुकानात संडास वापरू न दिल्याने अपमानित झालेल्या एका क्रोन्सग्रस्त मुलीच्या कैफियतीवरून, अशा रुग्णांस दुकानांतील नोकरांचा संडास वापरू देणे बंधनकारक करणारा कायदा केला, आणि पुढे इतर अनेक राज्यांनी तोच कित्ता गिरविला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 15 जानेवारी 2025 रोजी, न्यायालयांच्या आवारांतील शौचालयांच्या प्रकरणी निकाल देताना, स्वच्छ शौचालय मिळणे हा घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. न्यायालयात दाद मागावयास गेलेल्या मनुष्याला जो हक्क आहे तो तिकीट काढून आत गेलेल्या मनुष्याला नाही, असे म्हणण्यास आधार काय? महाराष्ट्रात सार्वजनिक करमणुकीच्या स्थळांना 1951 च्या पोलीस अधिनियमाखालील नियमांन्वये परवाना घ्यावा लागतो. त्या परवान्यात आग, गर्दी व यंत्रे यांच्या बंदोबस्ताच्या शर्तींबरोबर, रांग सोडून गेलेल्या रुग्णास परत त्याच पाळीत घेण्याची एक शर्त घालण्यास नवे विधेयक लागणार नाही, एका अधिकाऱ्याची सही लागेल. वैद्यकीय दाखला मागावयाचाच असेल तर तो तिकिटाच्या खिडकीवर एकदाच, खाजगी रीतीने पाहावा. प्रत्येक पाळण्यापाशी उभ्या असलेल्या पोरसवदा नोकराला आपल्या मलाची हकीकत सांगावी लागणे ही तपासणी नव्हे, विटंबना आहे.

वाचकहो, आपणांपैकी बहुतेकांची आतडी धडधाकट असतील आणि ती तशीच राहोत. आपल्याजवळ आमचे मागणे थोडे आहे. यापुढे आपण अशा उद्यानात जाल तेव्हा तिकिटाच्या खिडकीवर एवढेच विचारा की रांग सोडून संडासास गेलेला मनुष्य परत येऊन कोठे उभा राहतो. जे उत्तर मिळेल ते तेथील तक्रारवहीत आपल्या नावासह लिहून ठेवा. आणि गजांच्या वाटेत कोणी कासावीस चेहऱ्याने ‘जरा जाऊ द्या’ म्हणत उलट येत असेल, किंवा थोड्या वेळाने तोच मनुष्य आपल्या माणसांकडे परत जात असेल, तर दोन्ही वेळा त्याला कारण न विचारता वाट द्या.