‘अगदी आपलीच वाटते हो’

मागचे दोन शनिवार काही लिहिलं नाही, कारण मी औंधला होतो. औंध म्हणजे ब्रेमेन चौकातलं नव्हे. "औंधला जातोय, नेटवर्क नसेल" असं टीमला सांगितलं तर आमचा लीड म्हणाला, "का, पार्किंगमध्ये राहणारेस का?" आमचं औंध सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, रहिमतपूरच्या पुढे. डोंगरावर यमाई, वाटेत संग्रहालय, खाली पंतप्रतिनिधींचा वाडा आणि त्याच्या आसपास आमच्यासारख्यांची घरं, ज्यांना वर्षातून एकदा कुलूप उघडलं की आधी पाली हाकलाव्या लागतात. आजी मात्र तिथेच राहते. ऐंशीच्या घरात आहे, पुण्याला यायचं नाव काढत नाही.

तर ह्या वेळी जायचं कारण म्हणजे ताई आली होती. ताई म्हणजे चुलत बहीण, न्यू जर्सीत असते. दसरा ते कोजागरी असा मुक्काम. बरोबर दाजी, नऊ वर्षांचा भाचा आणि साडेसहा वर्षांची भाची. भाचीचं खरं नाव इथे लिहीत नाही, चिऊ म्हणू. चिऊला ताई-दाजींनी दोन वर्षांपूर्वी दत्तक घेतलं, महाराष्ट्रातल्याच एका संस्थेतून. तेव्हा ती साडेचार वर्षांची होती.

ह्यात भूगोलाचा मोठा घोळ आहे. चिऊची संस्था आमच्या गावापासून गाडीने तीन-साडेतीन तासांवर. पण अमेरिकेच्या कागदांत ती 'परदेशातून दत्तक घेतलेली' मुलगी, आणि आपल्या कागदांत 'परदेशी दत्तक दिलेली'. दोन मराठी माणसांनी एका मराठी मुलीला घरी न्यायचं, तर मध्ये तिकडची मान्यताप्राप्त एजन्सी, दिल्लीचं कारा, इकडची बाल कल्याण समिती, ना हरकत प्रमाणपत्र, आदेश, पासपोर्ट, व्हिसा. तिकडच्या बाईंनी ताईच्या घरी येऊन पगार, तब्येत, नवराबायको भांडतात का आणि कशावरून, हेसुद्धा विचारलं. मूल घरी आल्यावरही पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी अहवाल. आमच्या कंपनीत इतका कडक रिव्ह्यू कोडचा होत नाही.

दाजी ह्या सगळ्याला वैतागले होते. पण हे उगाच आलेलं नाही. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी १९८२ साली परदेशी दत्तकाच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्या पत्रालाच याचिका मानून १९८४ मध्ये न्यायालयाने नियम घालून दिले. मग १९९३ चा हेग करार, आणि भारतात तो २००३ पासून लागू. एकेका कागदामागे कुठल्या तरी मुलाच्या बाबतीत झालेला घोटाळा असणार, असं समजून चालावं.

असो. मला लिहायचंय ते कागदांबद्दल नाही, एका वाक्याबद्दल. दसऱ्याला सोनं द्यायला जो जो घरी आला तो चिऊकडे बघून म्हणाला, "अगदी आपलीच वाटते हो!" कोणाला तिचं नाक आत्यासारखं वाटलं, कोणाला कपाळ काकांसारखं. सगळे प्रेमानेच बोलत होते. दोन वर्षांपूर्वी व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा बघितलं तेव्हा मीही हेच म्हणालो होतो, आणि काहीतरी फार चांगलं बोललो असं मला वाटलं होतं. ताई तेव्हा नुसती हसली होती. ती का हसली ते मला ह्या पंधरा दिवसांत कळलं.

शाळेत आपण सगळ्यांनी 'दत्तक वारस नामंजूर' ही टीप लिहिलेली आहे. डलहौसी, १८४८, सातारा. मग नागपूर, झाशी. आमच्या जिल्ह्याचं तर नावच त्या यादीत पहिलं. साताऱ्याच्या शहाजी महाराजांनी मरणाआधी मूल मांडीवर घेतलं, कंपनीने ते मानलं नाही आणि राज्य खालसा केलं. आपण ते वाचून डलहौसीवर चिडतो, बरोबरच आहे. पण त्या टिपेतला शब्द बघा, 'वारस'. आपल्याकडे दत्तक घेतला जायचा तो गादीसाठी, पिंडाला पाणी द्यायला, आणि तोसुद्धा शक्यतो भाऊबंदांतला मुलगा. मूल मांडीवर बसलं की त्याचं आधीचं घर संपलं. कवळाण्याचा गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याला सयाजीराव झाला, कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरला शाहू झाला. दोघांनी नंतर काय केलं ते सांगायला नको. पण बारा वर्षांच्या गोपाळला एका दिवसात सयाजी म्हणून हाक ऐकू यायला लागली तेव्हा त्याला काय वाटलं असेल, हा प्रश्न परीक्षेला कधी आला नाही.

तेव्हाचं राज्य गेलं, गादी गेली, आमच्याकडे तर वारसाने मिळण्यासारखं पालींचं घर तेवढं आहे. तरी मूल 'आपलं' करायची पद्धत तीच राहिली. आधीचं पुसायचं. काकूंचं म्हणणं पडलं की नाव बदलून टाका, देवीवरून ठेवा. ताईने ठेवलं नाही. काकू म्हणाल्या, "ते नाव तरी कुठे तिच्या आईने ठेवलंय? संस्थेने ठेवलेलं." मुद्दा खोटा नाही. पण साडेचार वर्षं ज्या नावाला मुलगी 'ओ' देत आली ते तिचं नाव. तिच्याकडे येताना तेवढीच एक वस्तू स्वतःची होती.

आता आणखी एक गंमत. चिऊ ताईला पहिले दहा-अकरा महिने आई म्हणत नव्हती. 'ताई' म्हणायची. संस्थेत सांभाळणाऱ्या सगळ्या ताई आणि मावशी, तशी ही एक नवी ताई. मीही ताई म्हणतो, भाचीही ताई म्हणते, असं नातं मी तरी दुसरं ऐकलेलं नाही :) ताईने तिला कधी दुरुस्त केलं नाही. गावात यमाईच्या नावाची गोष्ट सांगतात, की जोतिबाने तिला 'ये माई' अशी साद घातली म्हणून ती यमाई. ही गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकलीय, पण हाक मारणाऱ्याने नाव दिलं हे त्यातलं मला ह्या वेळी पायऱ्या चढताना पहिल्यांदा ऐकू आलं. (अर्ध्या पायऱ्यांवर मी धापा टाकत होतो आणि चिऊ वर पोचली होती. वर्क फ्रॉम होमचे परिणाम.)

भाषेचं तर विचारू नका. भाचा तिथेच जन्मला, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत देतो. चिऊचं मराठी इकडचं, ठसठशीत. घरात मराठी असल्यामुळे ते टिकलं. परक्या भाषेच्या घरात गेलेली ह्या वयाची मुलं काही महिन्यांत पहिली भाषा विसरतात. म्हणजे अमेरिकेतून आलेल्या दोन पोरांपैकी गावाला जिचं बोलणं कळत होतं ती ही. आणि "बाहेरून आणलेली ती कोणती?" असं हळूच विचारलं जायचं ते हिच्याबद्दल.

तिसऱ्या दिवशी आजीला चिऊच्या उशीखाली अर्धी भाकरी आणि दोन लाडू सापडले. काकू घाबरल्या. मुंग्या होतील, सवय वाईट, आणि (हे आवाज खाली आणून) 'चोरून' खाते का. ताई ओशाळली. तिकडच्या समुपदेशक बाईंनी तिला आधीच सांगितलं होतं की अशी मुलं खाणं साठवतात, रागावू नका, हाताला येईल असा खाऊ कायम ठेवा. न्यू जर्सीच्या घरी तशी टोपली आहे. हे सगळं ताई काकूंना समजावत होती तोवर आजीने एक झाकणाचा डबा आणून चिऊच्या अंथरुणाशेजारी ठेवला. म्हणाली, "ह्यात ठेव गं. उशीखाली उंदीर येतात."

मग संध्याकाळी आजी स्वतःहून बोलली. बहात्तरच्या दुष्काळात ती पंचविशीची होती, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची. त्यातली निम्मी ती पदरात बांधून घरी आणायची आणि उतरंडीच्या तळच्या मडक्यात ठेवायची. पाऊस झाला, ज्वारी आली, घरात पोती लागली, तरी मडक्यात काहीतरी ठेवायची सवय तिला कित्येक वर्षं सुटली नाही. "पोटाला ठाऊक असतं," एवढंच म्हणाली. मी इतकी वर्षं आजीकडे जातोय, हे मला माहीतच नव्हतं. आम्ही सगळे चिऊचं नाक आणि कपाळ जुळवत बसलो होतो, आणि तिचं आजीशी जे जुळत होतं ते तिच्या ह्याच आधीच्या वर्षांतलं होतं, जी आम्हाला पुसायची होती.

एक दिवस संग्रहालयात गेलो. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं, राजा स्वतः चित्रकार. रविवर्म्याची चित्रं आहेत ती सगळे बघतात. हेन्री मूरचं 'आई आणि मूल' हे दगडी शिल्पही तिथे आहे, खटाव तालुक्यात, हे मित्रांना सांगितलं तर पटत नाही. चिऊ त्यापुढे बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, आता ही काहीतरी मोठं बोलणार. तिने विचारलं, "ह्यांना डोळे नीट का नाय काढले?" मग पुढच्या दालनात पळाली. मुलांकडून सुविचारांची अपेक्षा करू नये.

खरा वाद झाला तो कोजागरीच्या रात्री. तिकडे ह्या दिवसांत पानं लाल होतात, दारात भोपळे येतात आणि चिऊच्या वर्गात ह्या वर्षी 'फॅमिली ट्री'चा प्रोजेक्ट आला. झाडावर स्वतःचा बाळपणीचा फोटो चिकटवायचा. भाच्याचे दोन हजार फोटो आहेत. चिऊचा सगळ्यात जुना फोटो संस्थेच्या फाईलमधला, अडीच वर्षांची असतानाचा. तिने ताईला विचारलं, संस्थेत आणखी असेल का? आपण जाऊन बघूया का? मुंबईचं विमान परवा रात्रीचं, वाट थोडी वाकडी करावी लागणार होती.

गच्चीवर दूध आटत होतं आणि सगळे एकदम बोलायला लागले. जुनं कशाला उकरायचं. आत्ता कुठे रुळतेय. तिकडे गेल्यावर रडली तर. काका म्हणाले, "तिला वाटलं की परत ठेवायला आणलंय, तर?" हा प्रश्न मात्र खरा होता, त्याला मी हसणार नाही. ताईलाही तीच भीती होती. दोन्ही बाजूंनी विचार केला तरी मला वाटलं, आणि मी तिथे बोललो (घरात सगळ्यात लहान असल्याने माझं बोलणं सहसा चहाच्या ऑर्डरपुरतं धरलं जातं), की तिने स्वतः विचारलंय. आपण नाही म्हटलं तर ती एवढंच शिकेल, की ह्या घरात त्या घराबद्दल बोलायचं नसतं. कायद्यातसुद्धा मोठेपणी मूळ शोधायचा हक्क दत्तक मुलाला आहे. तो ती अठराव्या वर्षी एकटीने वापरणार, की आत्ता आईचा हात धरून, हे आपल्या हातात आहे.

लिसा स्थळेकरचं उदाहरण मी दिलं. १९७९ मध्ये पुण्यात जन्मली, ससूनच्या आवारातल्या श्रीवत्स संस्थेतून दत्तक गेली, आणि २०१३ मध्ये मुंबईत विश्वचषक जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या संघात होती. ती जिंकल्यावर आपण 'पुण्याची लेक' म्हणून मोकळे झालो. तिच्या घरच्यांनी तिला कुठून आणलं ते झाकलं असतं तर आपल्याला तेवढंही म्हणता आलं नसतं. काकांनी "क्रिकेट मध्ये आणू नको" म्हणून मला गप्प केलं.

शेवट आजीने केला. "लाडू किती द्यायचे, पोरं किती असतील?" असं तिने चिऊला विचारलं. चिऊने बोटं मोजली आणि म्हणाली, "खूप."

मग परवा सकाळी मीच गाडी काढली. पुढच्या चार दिवसांनी, आश्विन वद्य पंचमीला, औंधचा संगीत महोत्सव असतो, १९४० पासून चालू आहे, तो चुकला ह्याची हळहळ दाजींना रहिमतपूरपर्यंत पुरली. वाटेत ताईने चिऊला चार वेळा सांगितलं, की आपण सगळे आत जाणार, आणि सगळे बाहेर येणार, रात्री सगळे विमानात बसणार. पाचव्या वेळी चिऊ म्हणाली, "हो, कळलं." तिकिटं मात्र तिने बघायला मागितली आणि चारही नावं वाचायला लावली.

मी गाडीत थांबलो, ताई-दाजी आणि पोरं आत गेली. चाळीस मिनिटं. ह्या चाळीस मिनिटांत मी ऑफिसचे सगळे मेल वाचले, एकही कळला नाही.

जुना फोटो नव्हता. त्याआधीचा काढलेलाच नव्हता. पण एक मावशी अजून तिथेच होत्या. त्यांनी सांगितलं की चिऊ चालायला शिकली ती धान्याच्या कोठीला धरून, आणि पहिल्यांदा हात सोडला तेव्हा पडली नाही, खाली बसली. चिऊने हे मला गाडीत दोनदा सांगितलं. झाडावर कोठीचं चित्र काढणार म्हणाली.

लाडवांचा डबा तिच्या मांडीवर होता. जड वाटला म्हणून मी उघडून बघितला, तर मावशींनी रिकामा परत दिला नव्हता, तळाला शेंगदाणे आणि गुळाचा खडा. आजीला फोनवर सांगितलं. "मग?" ती म्हणाली, "रिकामा कसा देतील? आणि डबा नेऊ नका म्हणावं तिकडं, मला लागतो."