गुपित आणि प्रश्न : सूडकथेच्या वाचनातील एक पळवाट

इरावती कर्वे यांचे 'युगान्त' १९६७ साली प्रसिद्ध झाले, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून महाभारताविषयी काही धाडसी बोलू इच्छिणारा मराठी वाचक हटकून एका ठिकाणी येऊन थांबतो : युधिष्ठिर हा विदुराचा पुत्र असावा. या तर्काला संहितेत आधार नाहीत असे नाही. दोघांचाही संबंध धर्माशी जोडलेला आहे. पांडव वनवासात असताना कुंती विदुराच्या घरी राहते. आणि अखेरीस अरण्यात विदुर योगबलाने युधिष्ठिराच्या देहात प्रवेश करतो. कर्वे यांनी हा तर्क तर्क म्हणूनच मांडला होता. वाचकांनी त्याचा शोध केला, आणि शोध लागल्यावर माणसे जशी निवांत होतात तशी ती निवांत झाली.

या निवांतपणाविषयी मराठी समीक्षेने कधी शंका घेतली नाही. उलट गेल्या काही दशकांत तिने त्याला शास्त्राची वस्त्रे चढवली. वोल्फगांग इझरने संहितेतील रिक्त जागा वाचक भरून काढतो असे म्हटले, हे वाक्य आपल्याकडे परवान्यासारखे वापरले गेले. इझरच्या मांडणीतली रिक्त जागा ही वाचकाला कामाला लावणारी जागा आहे. वाचकाने त्यात आपली आवडती वस्तू आणून ठेवावी असा तिचा अर्थ नव्हे. दुसऱ्या टोकाला, लेडी मॅक्बेथला मुले किती, या प्रश्नाची १९३३ साली एल. सी. नाइट्स यांनी केलेली थट्टा उद्धृत करून असले सारेच कुतूहल अडाणी ठरवणारे प्राध्यापकही आहेत. दोन्ही पक्ष एकच गोष्ट विसरतात. तर्क खरा की खोटा, संमत की निषिद्ध, हे पाहण्याआधी तो तर्क कोणाच्या कामी येतो हे पाहावे लागते.

सूडकथेच्या बाबतीत तर हे पाहणे अपरिहार्य आहे. एक अगदी अलीकडचे उदाहरण घ्यावे, आणि ते छापील साहित्यातले नाही म्हणून कोणी नाक मुरडू नये. 'द लास्ट ऑफ अस' या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग २०२० साली आला. पहिल्या भागात जोएल एली या मुलीला वाचवण्यासाठी एका शल्यचिकित्सकाला ठार करतो. तिचा जीव घेऊन त्यातून महामारीवर औषध काढले जाणार होते. त्या शल्यचिकित्सकाची मुलगी अ‍ॅबी पुढे जोएलला मारते, आणि एली तिच्या मागावर निघते. शेवटी अ‍ॅबी तिच्या हाताखाली पाण्यात गुदमरत असताना एली हात सोडते. परत येते तेव्हा घर रिकामे असते. दोन बोटे गेल्यामुळे जोएलने शिकवलेली गिटारही तिला नीट वाजवता येत नाही. खेळणाऱ्यांनी या शेवटावर तर्कांचा डोंगर रचला. शेवटच्या दृश्यात एलीच्या मनगटावर प्रेयसी डिनाने दिलेले कडे आहे, आधीच्या प्रसंगात ते नव्हते; म्हणजे ती डिनाला भेटून, समेट करून मगच या घरी आली असली पाहिजे. दुसरा तर्क अधिक गंभीर : ते औषध मुळात निघालेच नसते. म्हणजे जोएलने जे केले त्यात जगाचे काही नुकसान झाले नाही.

दोन्ही तर्कांची चाल लक्षात यावी. पहिला एलीचे एकटेपण पुसतो, दुसरा जोएलचा अपराध. दोन्ही निर्दोष सोडण्याचे अर्ज आहेत. कथेने जे नीतीच्या पातळीवर उघडे ठेवले ते माहितीच्या पातळीवर बंद करायचे, ही ती पळवाट. गुपिताला उत्तर असते, ते कोणाला तरी ठाऊक असते, आणि सापडले की काम संपते. प्रश्नाचे तसे नसते.

हाच न्याय महाभारताला लावला म्हणजे मराठी वाचकांच्या लाडक्या तर्कांचा रंग बदलतो. कर्णाने भर सभेत द्रौपदीला बंधकी म्हटले. हे का, याचे लोकमान्य उत्तर तयार आहे : स्वयंवरात तिने त्याला सूतपुत्र म्हणून नाकारले, तो अपमान त्याच्या मनात जळत होता. पण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हस्तलिखिते ताडून जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या मुख्य पाठात हा नकार नाही. तो थोड्या पोथ्यांतला म्हणून तळटीपेत गेला आहे. नकार काढून घेतला की कर्णाचा शब्द सबबीवाचून उरतो. कर्णाच्या दुःखावर पोसलेल्या आपल्या कादंबरीप्रेमाला हे परवडण्यासारखे नाही, म्हणून ती तळटीप कोणी वाचत नाही.

वस्त्रहरणाचेही तेच. फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिलेल्या सभापर्वात द्रौपदीचा कृष्णाला केलेला धावा मुख्य पाठात येत नाही. वस्त्रामागून वस्त्र प्रकटते, ते कोणी पुरवले हे सांगितलेले नाही. कीर्तनकारांनी आणि नंतर दूरदर्शनने ही जागा कृष्णाने भरली. भक्तीचा तो हक्क मान्य करावा. पण त्यामुळे काय होते? देवाने निभावून नेले, म्हणजे भीष्म-द्रोणांच्या गप्प राहण्याचा हिशेबच संपला.

त्या सभेत खरे अनुत्तरित राहिले ते द्रौपदीचे विचारणे. राजाने आधी स्वतःला हरले की मला? भीष्म म्हणाले, धर्माची गती सूक्ष्म आहे. विकर्ण तिच्या बाजूने बोलला, त्याला कर्णाने गप्प केले. विदुराने प्रह्लादाची कथा सांगून बजावले की विचारलेल्याचे उत्तर न देणारी सभा पापाची वाटेकरी होते. अखेर कोल्हेकुई झाली, अपशकुनांनी घाबरलेल्या धृतराष्ट्राने वर दिले, आणि विषय तेथेच राहिला. निर्णय झाला नाही म्हणून भीमाची प्रतिज्ञा उरली. निर्णय झाला असता तर प्रतिज्ञेला तेवढी जागा राहिली असती का? पुढचे सारे युद्ध या न दिलेल्या उत्तराच्या जागी उभे आहे.

आता 'युगान्त'कडे परत यावे. ज्या कर्वे यांनी विदुराच्या पितृत्वाचा इतक्या आस्थेने माग काढला, त्यांनीच द्रौपदीचे हे विचारणे तिची चूक ठरवले : कायद्याचा कीस काढण्याऐवजी तिने क्षात्रधर्माच्या नावाने दयेची हाक द्यायला हवी होती, असे त्यांचे म्हणणे. मराठीतील सर्वांत तल्लख महाभारतवाचकाकडून हे व्हावे, ही किरकोळ गोष्ट नाही. गुपित त्यांना मोलाचे वाटले, प्रश्न अनाठायी वाटला. युधिष्ठिर विदुराचा असो की यमधर्माचा, द्रौपदीला पणाला लावताना फासे त्याच्याच हातात होते. पिता बदलल्याने पण बदलत नाही.

याचा अर्थ वाचकाने काही रचूच नये असा नाही. विठ्ठल उमप यांनी गाजवलेले 'जांभूळ आख्यान' पाहावे. द्रौपदीच्या मनातील कर्णाविषयीची ओढ जांभळाच्या निमित्ताने उघड होते. संहितेला याचा पत्ताही नाही. पंडितांनी याला प्रक्षेप म्हणून हिणवावे इतके ते स्वैर आहे. तरीही ते आख्यान कोणालाही सोडवत नाही. पतिव्रतेच्या प्रतिमेखाली दडपलेली बाई तेथे पुन्हा बोलू लागते, आणि ऐकणाऱ्याला आणखी एका अवघड गोष्टीसह घरी जावे लागते. 'युगान्त'च्या नावाने चर्चासत्रे भरवणाऱ्यांना गोंधळ्याची ही करामत साधलेली नाही.

सौप्तिकपर्वाचा शेवटही असाच वाचला गेला नाही. पाच मुले झोपेत मारली गेल्यावर द्रौपदी अश्वत्थाम्याच्या वधासाठी प्राणांतिक उपोषणाला बसते. तिला मिळतो तो त्याच्या मस्तकावरचा मणी. गुरुपुत्र म्हणून त्याला जिवंत सोडल्याचे सांगितले जाते, ती ते मान्य करते, आणि मणी युधिष्ठिराने मस्तकी धारण करावा असे सुचवते. ती हे का मान्य करते? या जागी थांबणारा वाचक विरळा. बाकीचे तोरणमाळच्या डोंगरात जखमेसाठी तेल मागत फिरणाऱ्या अश्वत्थाम्याच्या शोधात केव्हाच निघून गेलेले असतात.