उरलेल्या ताकदीचा हिशेब

काही मोठी विमाने धावपट्टी सोडताच झपाट्याने वर जातात, काही मात्र सावकाश चढतात. झपाट्याने चढणारे विमान अधिक दमदार, म्हणून अधिक सुरक्षित, असे प्रवाशाला वाटणे स्वाभाविक आहे. पण हा समज तपासून पाहायला हवा.

एअरबसची ए-३३० आणि ए-३४० ही जणू सख्खी भावंडे. ए-३३०-३०० ला दोन इंजिने असून प्रत्येकाचा रेटा सुमारे ३२ टन. उड्डाणावेळचे कमाल वजन २४२ टनांपर्यंत. ए-३४०-३०० ला इंजिने चार, पण प्रत्येकाचा रेटा सुमारे साडेपंधरा टनच आणि कमाल वजन सुमारे २७६ टन. एकूण रेटा जवळपास सारखा, वजन मात्र जास्त. साहजिकच चार इंजिनांचे विमान संथ चढते.

आता एक इंजिन बंद पडले असे धरा. पहिल्याकडे ३२ टन रेटा उरतो, दुसऱ्याकडे सुमारे ४६ टन. वजनाच्या प्रमाणात पाहिले, तर संथ वाटणारे भावंडच आता वरचढ ठरते.

यामागे नियम आहे. अमेरिका व युरोपच्या प्रमाणन नियमांनुसार एक इंजिन बंद असताना, चाके आत घेतल्यावर, दोन इंजिनांच्या विमानाला दर १०० मीटरमागे किमान २.४ मीटर चढता आलेच पाहिजे. चार इंजिनांच्या विमानाला ३ मीटर. निम्मी ताकद गेली तरी चढायचे, म्हणून दोन इंजिनांच्या विमानात मुळातच जास्त ताकद ठेवावी लागते. आपल्याला जाणवणारी ती झेप म्हणजे वाईट दिवसासाठी राखलेली शिल्लक असते. कडक उन्हात किंवा लेहसारख्या उंच ठिकाणी हवा विरळ असते, इंजिनांचा जोर घटतो. तेव्हा गरज पडल्यास सामान किंवा प्रवासी कमी केले जातात. सुरक्षेच्या शिलकीला हात लावत नाहीत.

आमच्या शास्त्रातही माणसाची तब्येत अशीच जोखतात. निरोगी हृदय विश्रांतीत मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलते आणि श्रमात त्याच्या कितीतरी पट. मूत्रपिंडदाता एका मूत्रपिंडावर व्यवस्थित जगू शकतो. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी आम्ही रुग्णाला विचारतो, ‘न थांबता दोन जिने चढता का?’ खुर्चीत बसलेला माणूस ठणठणीत दिसतोच. प्रश्न ताण आल्यावर किती उरते याचा असतो.

सार्वजनिक रुग्णालयांचा हिशेब मात्र आपण उलटा करतो. सगळ्या खाटा भरलेल्या म्हणजे कारभार कार्यक्षम. रिकामी खाट, जादा परिचारिका, दुसरी ऑक्सिजन टाकी म्हणजे उधळपट्टी. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत या विचाराची किंमत देशाने मोजली आहे.

विमानाला शिल्लक दाखवल्याशिवाय प्रवासी नेण्याची परवानगी मिळत नाही. अतिदक्षता विभागासाठीही अशी अट लेखी, मोजता येणारी आणि बंधनकारक हवी: एक परिचारिका आजारी पडली, एक टाकी संपली, एक जनरेटर बंद पडला, तरी काम चालले पाहिजे. अर्थसंकल्पात कात्री लावताना या शिलकीला हात लावू नये. ती रोज वापरात येत नाही, हेच तिचे काम आहे.