नवे अ‍ॅप, १८७९ चा कोश

लॅटिनचा छापील कोश उघडायचा तर निम्मे व्याकरण आधीच पाठ असावे लागे. ‘केपेरुन्त’ म्हणजे ‘त्यांनी घेतले’. पण कोशात हे क्रियापद सापडते ‘कापिओ’, म्हणजे ‘मी घेतो’, या रूपाखाली. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्यापुढे कोश मुकाच. युरोपातल्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून रूपे घोकून घेतली, त्याचे हेही एक कारण.

हा अडसर संगणकाने काढला. ‘वर्ड्‌स’ हा गाजलेला प्रोग्रॅम लिहिणारे विल्यम व्हिटेकर लॅटिनचे प्राध्यापक नव्हते, अमेरिकी हवाई दलातले कर्नल होते. संरक्षण खात्याच्या ज्या गटाच्या कामातून ‘अ‍ॅडा’ ही संगणकभाषा निघाली, त्याचे ते प्रमुख. ‘वर्ड्‌स’ही त्यांनी अ‍ॅडातच लिहिला. तो शब्दाचे प्रत्यय सोलतो, उरलेले अंग कोशाशी ताडतो आणि जुळेल ते सगळे समोर मांडतो. ‘कानिस’ दिले तर ‘कुत्रा’ही येतो आणि ‘तू गातोस’ही. वाक्य वाचून निवड करायची ती आपणच. त्यामुळे अशा साधनांनी विद्यार्थी आळशी होतात ही ओरड आम्हाला पटत नाही.

काळजी करायचीच तर वेगळ्या गोष्टीची करावी. पडद्यावर उमटणारा अर्थ मुळात कोणाचा? पादुआच्या सेमिनरीतल्या फोर्चेलिनींनी हयात घालवून रचलेला कोश त्यांच्या मृत्यूनंतर, १७७१ मध्ये छापला गेला. त्याचा आधार घेऊन फ्रॉइंड यांनी जर्मन कोश केला, अँड्रूज यांनी तो १८५० मध्ये इंग्रजीत आणला आणि १८७९ मध्ये लुईस व शॉर्ट यांनी त्याची नवी आवृत्ती काढली. जोडनावावर जाऊ नये: शॉर्ट यांच्या वाट्याला फक्त ‘ए’ हे अक्षर, बाकी सगळे लुईस यांचे! हाच कोश टफ्ट्स विद्यापीठाच्या ‘पर्सियस’ प्रकल्पाने संगणकावर आणला, आणि बऱ्याच फुकट अ‍ॅपांत तोच आहे. शिवराळ शब्द आला की मोघम बोलून वेळ मारून नेण्याची व्हिक्टोरियन सवयही त्याच्याबरोबर आली. १९८२ मध्ये पूर्ण झालेला ऑक्सफर्डचा कोश अधिक काटेकोर, पण तो स्वामित्वहक्कात अडकलेला. (मराठीत आपणही मोल्सवर्थची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधतोच की.) जुने वापरण्यात गैर काही नाही, पण निदान प्रत्येक नोंदीशेजारी कोशाचे नाव आणि साल तरी दिसावे.

म्युनिकमध्ये १८९४ साली सुरू झालेल्या महाकोशाचे काम अजून संपलेले नाही. सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तिथे जमल्या आहेत. छापून झालेला मजकूर आता पीडीएफ रूपात फुकट वाचता येतो. फक्त त्यातली स्पष्टीकरणेही लॅटिनमध्येच आहेत, म्हणून नवशिक्याला ती उलगडायला पुन्हा लुईस-शॉर्टच उघडावा लागतो.