धाकट्या लीगमधून थोरल्या लीगकडे : किती जण पोहोचतात?

हॉकी म्हटले की आपल्या बेटावरील जुन्या मंडळींना ध्यानचंद आठवतात, आणि त्यानंतरच्या पिढीला पुण्याजवळच्या खडकीचा धनराज पिल्ले. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यातील बॉथेल या गावी, हा शब्द उच्चारला तर मात्र कोणाच्याही डोळ्यांसमोर हिरवे मैदान येत नाही. येतो तो बर्फ. पायांत पात्यांचे बूट, हातात वाकडी काठी, आणि चेंडूऐवजी रबराची काळी चकती. क्यूरपीपच्या जुलैतल्या थंडीलाच थंडी म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना हा खेळ परका वाटणार, हे उघड आहे. पण या खेळाभोवती जो वाद तेथे रंगतो तो आपल्याला मुळीच परका नाही. कोणाचा मुलगा वर जाणार, कोणाचा अडकून पडणार आणि का, हाच तो वाद.

बॉथेल हे सिअ‍ॅटलच्या ईशान्येस समामिश नदीकाठी वसलेले उपनगर. २०२० च्या जनगणनेत तेथील वस्ती ४८ हजारांच्या घरात होती. संगणक आणि औषधनिर्मितीच्या कंपन्यांमुळे त्या बाजूला हिंदी लोकांची, आणि त्यांत आपल्या मराठी लोकांचीही, संख्या बरीच वाढली आहे. २०२१ साली सिअ‍ॅटलला 'क्राकेन' नावाचा संघ मिळाला आणि नॅशनल हॉकी लीग या थोरल्या लीगमध्ये तो बत्तिसावा संघ म्हणून दाखल झाला. त्याच वर्षी शहराच्या उत्तर भागात, म्हणजे बॉथेलच्या बाजूसच, त्यांचे सरावाचे केंद्र तीन बर्फांगणांसह उघडले. तेव्हापासून ज्या घरांत पूर्वी फक्त क्रिकेटच्या धावा मोजल्या जात त्या घरांतली मुलेही बर्फावर घसरू लागली आहेत.

आता गंमत पाहा. बॉथेलच्या दक्षिणेस सिअ‍ॅटलमध्ये थोरली लीग. उत्तरेस एव्हरेट येथे 'सिल्व्हरटिप्स' हा सोळा ते वीस वर्षांच्या पोरांचा कनिष्ठ संघ. म्हणजे खालची पायरी आणि वरची पायरी दोन्ही मोटारीच्या अंतरावर. ज्या मधल्या पायरीवर सगळा निकाल लागतो ती मात्र सुमारे सोळाशे किलोमीटर दूर, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात! क्राकेनचा दुय्यम संघ 'कोचेला व्हॅली फायरबर्ड्स' हा अमेरिकन हॉकी लीगमध्ये २०२२ पासून तेथे खेळतो. बाहेर खजुराची झाडे आणि आत बर्फ. परिणाम असा की बॉथेलचा शौकीन ज्या पोरांविषयी तावातावाने बोलतो, त्यांतल्या बहुतेकांना त्याने समोर खेळताना फारसे पाहिलेले नसते. त्याच्या हाती असतात आकडे, आणि आकड्यांवर भांडणे नेहमीच सोपे असते.

आपले वाचक फुटबॉलचे भोक्ते, लिव्हरपूल आणि मँचेस्टरची नावे घरोघरी. म्हणून एक फरक आधी सांगितला पाहिजे. इंग्लंडात खालच्या लीगमधला संघ जिंकला की आख्खा संघ वर चढतो. अमेरिकेत तसे नाही. तेथे संघ कधीच चढत नाही, चढतो तो एकटा खेळाडू. २०२३ साली फायरबर्ड्स आपल्या पहिल्याच हंगामात काल्डर चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचले, आणि हर्शी बेअर्सकडून सातव्या सामन्यात, जादा वेळेत, ३-२ असे हरले. २०२४ साली पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा हर्शी, पुन्हा पराभव. पण ते दोन्ही वेळा जिंकले असते तरी संघ वाळवंटातच राहिला असता. म्हणून धाकट्या लीगमधल्या खेळाडूची स्थिती मोठी चमत्कारिक असते. संघासाठी जीव तोडून खेळायचे, आणि मनात सतत त्या संघातून सुटण्याची इच्छा बाळगायची.

किती जण सुटतात? साधा हिशेब करू. थोरल्या लीगमध्ये संघ ३२, प्रत्येकाच्या पटावर खेळाडू २३. एकूण जागा ७३६. दरवर्षी निवडसभेत सात फेऱ्यांत मिळून २२४ नवी पोरे निवडली जातात. ही सगळीच वर गेली तर सव्वातीन वर्षांत लीगमधला एकूण एक माणूस बदलावा लागेल. तसे होत नाही. चांगला खेळाडू दहा-दहा वर्षे जागा अडवून बसतो. त्यात न निवडलेली पोरेही मागच्या दाराने येतातच. तेव्हा निवड झालेल्यांतही पुष्कळांच्या वाट्याला वरचा बर्फ येत नाही, किंवा येतो तो चार-दोन सामन्यांपुरता.

आणि पैशाचे अंतर? थोरल्या लीगमधले किमान वेतन २०२५-२६ च्या हंगामात ७ लाख ७५ हजार डॉलर. हंगामाच्या दिवसांनी भागले तर रोजचे सुमारे चार हजार. नवख्या पोराला तोच करार धाकट्या लीगमध्ये वर्षाला ऐंशी हजारांच्या आसपास देतो. म्हणजे सकाळी दूरध्वनी आला आणि विमानात बसून सिअ‍ॅटलला गेला, तर त्याच माणसाचा रोज जवळजवळ दसपट होतो. आठवड्याने परत पाठवला की पुन्हा होता तेथे. या एका गोष्टीवरून त्या पोरांच्या मनाची कल्पना यावी.

बॉथेलकडच्या शौकिनांत, ढोबळ मानाने, दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, पोरांना खाली मुरू द्या, घाईने पिकवलेले फळ आंबटच निघते. दुसरा म्हणतो, उमेदीची वर्षे वाळवंटात कशाला घालवता, संघ तसाही हरतोच आहे, पोरांना खेळवा! दोन्ही पक्ष एकाच खेळाडूचा दाखला देतात, तो म्हणजे शेन राइट.

राइटची कथा आपल्याकडच्या लॉरिएटच्या कथेसारखी आहे. पंधराव्या वर्षापासून हा मुलगा पहिला येणार असे सर्वांनी धरलेले. २०२२ च्या जुलैत मॉन्ट्रियलला निवडसभा झाली, तेव्हा यजमान मॉन्ट्रियलने स्लाफकोव्स्की या स्लोव्हाक मुलाला पहिला घेतले, आणि राइट घसरत चौथ्या क्रमांकावर सिअ‍ॅटलच्या पदरात पडला. एच. एस. सी.च्या यादीत नाव थोडक्यात हुकलेल्या मुलाच्या घरी काय वातावरण असते हे आपल्याला सांगायला नको. येथे तर ते सर्व कॅमेऱ्यांसमोर घडले. पुढचे वर्ष त्याची नुसती धावपळ झाली: सिअ‍ॅटलमध्ये आठ सामने, मध्ये धाकटी लीग, मग जागतिक युवा स्पर्धेत कॅनडाचे कर्णधारपद व सुवर्ण, मग पुन्हा कनिष्ठ लीग. २०२३-२४ मध्ये खास परवानगी काढून त्याला बहुतेक हंगाम फायरबर्ड्सकडे ठेवले. ५९ सामन्यांत २२ गोल, ४७ गुण. त्यानंतरच्या वर्षी तो सिअ‍ॅटलला कायमचा आला. सुरुवातीला काही सामने बाकावर बसवला गेला, पण अखेरीस ७९ सामन्यांत १९ गोल आणि ४४ गुण नोंदवून गेला. मुरू द्या म्हणणारे याकडे बोट दाखवतात. घाई करणारे विचारतात, हेच वर्षभर आधी झाले नसते कशावरून? याला उत्तर नाही. माझे मत विचाराल तर पहिल्या वर्षीची ती चार गावांची वणवण टाळली असती तर बरे झाले असते; वाळवंटातले वर्ष मात्र कारणी लागले.

राइट चौथा निवडला गेला होता. जोई डॅकॉर्ड हा गोलरक्षक २०१५ साली १९९ वा निवडला गेला, तोही दुसऱ्याच संघाकडून. सव्विसाव्या वर्षापर्यंत त्याचे बस्तान बसले नव्हते. २०२२-२३ चा हंगाम त्याने फायरबर्ड्सच्या गोलात काढला, तो अंतिम सामन्यापर्यंत. पुढच्या वर्षी क्राकेनने त्याला उभे केले, आणि १ जानेवारी २०२४ रोजी सिअ‍ॅटलच्या उघड्या मैदानावरील नववर्ष सामन्यात त्याने लास व्हेगासला एकही गोल करू दिला नाही. त्या वार्षिक सामन्याच्या इतिहासात असे प्रथमच घडले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पाच वर्षांचा अडीच कोटी डॉलरचा करार झाला. १९९ वा!

उलट प्रवासही पाहण्यासारखा आहे. फिलिप ग्रुबाउअर हा जर्मन गोलरक्षक २०२१ साली सहा वर्षांच्या साडेतीन कोटींच्या करारावर सिअ‍ॅटलला आला होता. २०२५ च्या जानेवारीअखेर त्याला 'वेव्हर'वर ठेवले गेले, म्हणजे अन्य ३१ संघांना सांगण्यात आले की हवा असेल तर फुकट उचला. कोणीही उचलला नाही, आणि तो काही आठवडे त्याच वाळवंटात खेळला. प्रशिक्षकांचेही तेच. डॅन बाइल्समा आणि त्यांची साहाय्यक जेसिका कॅम्पबेल या दोघांना २०२४ साली फायरबर्ड्सकडून वर नेण्यात आले. थोरल्या लीगच्या बाकामागे पूर्णवेळ उभी राहणारी कॅम्पबेल ही पहिली स्त्री. बाइल्समा एका हंगामातच घरी गेले.

आता हा 'वेव्हर'च खरा कळीचा मुद्दा आहे, आणि आकडे घोकणारे शौकीन नेमके त्याकडे दुर्लक्ष करतात. वयानुसार ठरलेली काही वर्षे, किंवा ठरलेले सामने, पुरे होईपर्यंत तरुण खेळाडूला संघ मनाला येईल तेव्हा खाली-वर करू शकतो. ती मुदत संपली की त्याला खाली पाठवायचे तर आधी बाजारात मांडावे लागते. मग सराव शिबिराच्या शेवटी एका जागेसाठी दोन उमेदवार असले, एक बावीस वर्षांचा चपळ आणि मुदतीत, दुसरा सत्तावीस वर्षांचा साधारण पण मुदत संपलेला, तर खाली कोण जाईल? चपळ जाईल. कारण तो जाऊनही हातचा जात नाही. सरकारी खात्यात ज्येष्ठतेच्या यादीचे राजकारण ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना हे पटकन समजेल. पोराचा खेळ कमी पडला असे नव्हे, त्याचे कागद सोयीचे पडले.

दुसरी चूक गुणांच्या मोजणीची. टाय कार्टिये हा मुलगा निवडसभेत कोणीही न घेतलेला. २०२२-२३ मध्ये त्याने धाकट्या लीगमध्ये २८ गोल केले, वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला, आणि २०२३ च्या एप्रिलात बाद फेरीत कोलोराडोविरुद्ध पहिल्याच सामन्यात गोल करून मोकळा झाला. बॉथेलकडे त्या रात्री आनंदीआनंद झाला असणार. पण पुढच्या पूर्ण हंगामात त्याचे गोल ११ भरले. यात त्याचा दोष काय? खाली तो पहिल्या फळीत खेळत होता, वर चौथ्या फळीत, अंगावर जाऊन धडका देण्याच्या कामावर. रायकर एव्हन्स या बचावपटूचे उदाहरण वेगळे. २०२३ च्या बाद फेरीत त्याने २६ सामन्यांत २६ गुण मिळवले, तरी त्याला आणखी काही काळ खालीच ठेवले. पुढे तो थोरल्या संघात नियमित झाला. बचावपटू आणि गोलरक्षक उशिरा पिकतात. आघाडीचा खेळाडू तेविसाव्या-चोविसाव्या वर्षीही खालीच असेल, तर त्याला वर पहिल्या फळीचे काम मिळण्याचा संभव फार थोडा, मग गुण कितीही असोत.

आपल्या लोकांपैकी कोणी? मराठी नाव अजून माझ्या पाहण्यात नाही. पण बॉथेलहून मोटारीने दोन-अडीच तासांवर, सीमेपलीकडच्या सरे गावात पंजाब्यांची जुनी वस्ती आहे. थोरल्या लीगमध्ये खेळलेला पहिला हिंदी वंशाचा खेळाडू रॉबिन बावा, १९८९ साली वॉशिंग्टन कॅपिटल्सकडून. तोही त्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतातला. सध्या सर्वांच्या तोंडी नाव आहे अर्शदीप बैन्स याचे. सरेचाच मुलगा. निवडसभेत त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. २०२१-२२ मध्ये त्याने पश्चिम कॅनडाच्या कनिष्ठ लीगमध्ये सर्वांत जास्त, ११२ गुण मिळवले, तेव्हा व्हँकूव्हरने करार केला. २०२४ च्या फेब्रुवारीत धाकट्या लीगच्या तारांकित सामन्यांत तो सर्वोत्तम ठरला आणि त्याच महिन्यात थोरल्या लीगमध्ये उतरला. आठ सामने, गुण शून्य, परत खाली. पहिला गोल त्या वर्षीच्या ऑक्टोबरात. २०२५ च्या जूनमध्ये त्याच्या अ‍ॅबट्सफर्ड संघाने काल्डर चषक जिंकला. त्या चषकासाठी फायरबर्ड्सने दोनदा जिवाचे रान केले होते.

सध्याच्या वादाचा विषय आहे बर्कली कॅटन. २०२४ साली आठवा निवडलेला हा मुलगा याच राज्याच्या पूर्वेकडील स्पोकॅनचा संघनायक होता. निवडीच्या वर्षी त्याचे ११६ गुण होते. आजवरच्या नियमाप्रमाणे कॅनडाच्या कनिष्ठ लीगमधला एकोणीस वर्षांचा मुलगा एकतर थोरल्या लीगमध्ये खेळेल, नाहीतर आपल्या कनिष्ठ संघात परत जाईल. मधली पायरी त्याला बंद. स्पोकॅनला शिकण्यासारखे काही उरले नव्हते. म्हणून २०२५ च्या ऑक्टोबरात क्राकेनने त्याला सिअ‍ॅटललाच ठेवले. मुरू द्या म्हणणाऱ्यांना ते रुचले नाही, आणि मुरायचे कोठे याचे उत्तरही त्यांच्यापाशी नव्हते. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात २०२५ साली झालेल्या नव्या करारात प्रत्येक संघाला असा एक मुलगा मधल्या पायरीवर ठेवता यावा, असे ठरले आहे. कॅटनच्या पाठीमागून येणाऱ्या पोरांना त्याचा उपयोग होईल. त्याचा निकाल मात्र थोरल्या बर्फावरच लागायचा आहे.