रात्रीचे मानधन, आयुष्याची मिळकत

भाऊबीज झाली आणि धान घरात येऊ लागले की आपल्या भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरू लागते. मंडई म्हटली की रात्रीचे नाटक, दंडार किंवा खडी गंमत ओघानेच आली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतील भातशेतीचा हा पट्टा झाडीपट्टी या नावाने ओळखला जातो, आणि येथील रंगभूमी दिवाळीपासून होळीपर्यंत अक्षरशः रात्रभर जागी असते. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे तिचे व्यापारी केंद्र. २०२३ साली या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राचे लक्ष इकडे वळले. तथापि रंगमंचासमोर बसून पहाटेपर्यंत पेटी, तबला अथवा ऑक्टोपॅड वाजविणाऱ्या माणसाची मिळकत नेमकी किती आणि ती कोणत्या मार्गाने येते, हा प्रश्न आपण व्यापारी मंडळी सहसा विचारत नाही. एरवी कोणत्याही धंद्याचे गणित समजून घेतल्यावाचून आपल्याला चैन पडत नाही. म्हणून आज हा हिशेब मांडावा असे वाटले.

प्रथम झाडीपट्टीची व्यवस्था पाहू. गावातील मंडळ नाट्यसंस्थेकडून ठराविक रकमेत प्रयोग घेते आणि त्यापोटी इसार देते. मंडप घालणे व तिकिटे विकणे ही जबाबदारी मंडळाची. चार पैसे उरले तर ते गावाच्या कामी येतात. अवकाळी पाऊस आला वा त्याच रात्री शेजारच्या गावी दुसरे नाटक लागले, तर तोटाही मंडळाचाच. नाट्यसंस्था आपल्या कलावंतांना व वादकांना प्रयोगागणिक पैसे देते. मराठी रंगभूमीवर या रकमेला ‘नाइट’ असे म्हणतात. म्हणजे जोखीम मंडळाची व संस्थेची, आणि वादकाच्या वाट्याला ठरलेली मजुरी. तंबू ओसंडून वाहिला तरी त्याची रक्कम वाढत नाही. खडी गंमतीत प्रेक्षकांकडून मिळणारी बक्षिसी ही तेवढी वरकमाई.

केवळ हिशेबासाठी असे धरू की एका वादकाला रात्रीचे १,५०० रुपये मिळतात आणि हंगामात ७० प्रयोग होतात. एकूण १,०५,००० रुपये झाले. हंगामात हातात रोज रोकड येत असल्याने तो माणूस सुखवस्तू भासतो. परंतु हीच रक्कम बारा महिन्यांवर पसरली तर महिन्याला ८,७५० रुपये पडतात, आणि त्यातूनच तबल्याची शाई, पेटीची दुरुस्ती, प्रवास व आजारपण भागवायचे असते. उरलेल्या महिन्यांत लग्नाचा बँड, गणेशोत्सव व नवरात्रातील कार्यक्रम, भजनी मंडळांची साथ, मुलांच्या शिकवण्या आणि पावसाळ्यात रोवणी असे अनेक धागे जोडून तो वर्ष पुरे करतो. आकाशवाणीची श्रेणी मिळालेल्या कलावंताला नागपूर केंद्रावर श्रेणीनुसार मानधन मिळते. १९४८ साली सुरू झालेल्या त्या केंद्राने विदर्भातील कित्येक गायक-वादकांना प्रतिष्ठा दिली. पण केवळ त्यावर घर चालत नाही.

ही झाली संगीतातील पहिल्या प्रकारची कमाई : आज वाजविले तर आज पैसे. दुसऱ्या प्रकारची कमाई आपल्याला अधिक लवकर उमगेल, कारण ती घरभाड्यासारखी आहे. एखादे गीत निर्माण होते तेव्हा कायद्याच्या दृष्टीने अनेक मिळकती एकदम जन्माला येतात. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, ध्वनिमुद्रण ते काढणाऱ्या कंपनीचे, आणि गायक-वादकांचा आपल्या सादरीकरणावरील हक्क वेगळा. गाणे आकाशवाणीवर, दूरचित्रवाणीवर, हॉटेलात किंवा मोबाइलवर वाजले की या मिळकतीचे भाडे, म्हणजे रॉयल्टी, देय होते. प्रत्येक ठिकाणी जाऊन ती वसूल करणे एकट्या माणसाला अशक्य असल्याने १९६९ साली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी स्थापन झाली. गीतकार, संगीतकार आणि संगीत प्रकाशक यांच्या वतीने ती वसुली करते आणि सभासदांना वाटून देते.

या मिळकतीचे आयुष्य केवढे असते हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. ‘गीतरामायण’ १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाले. लेखक-संगीतकारांचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो, आणि ही मुदत पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. ग. दि. माडगूळकर १९७७ साली निवर्तले. म्हणजे त्यांच्या शब्दांना २०३७ अखेरपर्यंत संरक्षण आहे. सुधीर फडके २००२ साली गेले. त्यांच्या चालींना २०६२ अखेरपर्यंत. दुकान नातवाच्या नावावर चढते तशीच चालही चढू शकते. मात्र निर्मात्याने ती विकून टाकलेली नसावी.

आणि नेमके येथेच पिढ्यान्‌पिढ्या नुकसान झाले. गरजेच्या वेळी एकरकमी पैसे घ्यायचे आणि सर्व हक्क सोडून द्यायचे, अशी प्रथा पडून गेली. १९६०च्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांनाही रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला. महंमद रफी यांचे मत असे की ठरलेले मानधन मिळाले की गायकाचा संबंध संपला. या मतभेदापायी दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबविले होते. अखेर २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. आता चित्रपटातील अथवा ध्वनिमुद्रिकेतील गीताचे शब्द वा चाल यांचा हक्क दुसऱ्याला लिहून दिला, तरी त्याच्या पुढील वापरावरील रॉयल्टीचा समान वाटा निर्मात्याला सोडून देता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर गीत वाजते, तेवढा अपवाद. त्याच दुरुस्तीने गायक-वादकांनाही व्यापारी वापरातील रॉयल्टीचा हक्क मिळाला.

झाडीपट्टीत दर हंगामात नवी नाटके येतात आणि त्यांसाठी नवी गाणी रचली जातात. अशी गाणी करणाऱ्याने एक कागद अवश्य करून ठेवावा : गाणे कोणाचे, किती प्रयोगांसाठी दिले, आणि त्याचे चित्रीकरण यूट्यूबवर घातले तर उत्पन्नाची वाटणी कशी. हक्क निर्मितीबरोबरच उत्पन्न होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. परंतु वाद उद्भवला की तोंडी शब्दाला कोण विचारतो? जागा भाड्याने देताना आपण करारनामा केल्यावाचून किल्ली हाती देत नाही. मग चाल देणाऱ्यानेच कागदाविना का द्यावी?

मिळकत झाली म्हणजे ती टिकतेच असे नाही, हेही सांगितले पाहिजे. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीने मराठी माणसाला वेड लावले, आणि लोकप्रियता शिखरावर असतानाच ती मंडळी कर्जाच्या ओझ्याखाली आली. बँकेच्या टेबलाशी आयुष्य गेलेल्या मला यात कलेचा दोष दिसत नाही. हंगामी उत्पन्नाला बारमाही खर्च जोडल्याचा तो परिणाम होय. २०२०-२१ च्या हिवाळ्यात करोनाने झाडीपट्टीचे तंबू उठविले, तेव्हा भविष्य निर्वाह निधी नाही, पगारी रजा नाही, मालक नाही अशा माणसांचा संपूर्ण हंगाम कोरडा गेला. शासनाची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे. २०२४ पासून ती रक्कम दरमहा ५,००० रुपये झाली. पण तो उतारवयाचा आधार. चाळिशीतील वादकाने मंडईच्या दिवसांत आवर्ती ठेव उघडणे, हाच त्याचा विमा.

आता आपल्याकडे वळू, कारण या व्यवहारात पैसे देणारे बहुधा आपणच असतो. दुकानात, शोरूममध्ये वा हॉटेलात ग्राहकांसाठी ध्वनिमुद्रित गाणी लावायची असतील तर परवाना घ्यावा लागतो, तो घ्यावा. मात्र विवाहाची वरात व विवाहाशी निगडित समारंभ, तसेच खरेखुरे धार्मिक विधी यांना कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. मंगल कार्यालय चालविणाऱ्यांनी हा भेद लक्षात ठेवावा : लग्नाला सूट, नववर्षाच्या जल्लोषाला नाही. लोककला किंवा शास्त्रीय संगीत-नृत्य-नाट्य सादर करणाऱ्या कलावंताच्या प्रयोगाचे मानधन १,५०,००० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. तेव्हा ‘कराची भानगड नको’ या सबबीखाली पावती टाळण्याचे काही कारण उरत नाही.

यापुढचे मात्र कायद्याच्या पुस्तकात नाही. आपल्या घरच्या लग्नात मंडपवाल्याचे, आचाऱ्याचे, फुलवाल्याचे पैसे ठरल्याप्रमाणे चुकते होतात. भक्तिसंध्येला आलेल्या संगीतकाराला किंवा सनई-चौघड्याच्या ताफ्याला मात्र पुष्कळदा ऐकावे लागते, ‘दोन दिवसांनी दुकानावर या.’ तो दोनदा येतो, तिसऱ्यांदा संकोचाने येत नाही. आपल्या उधारीवर आपण व्याज लावतो. त्याच्या थकलेल्या रकमेवर व्याज कोण देणार? मालाचे पैसे थकविले तर बाजारात पत जाते, याची आपल्याला पिढीजात जाण आहे. वाजवून झालेला राग परत घेता येत नाही, म्हणजे ज्याला आपला माल परत नेण्याचीही सोय नाही, असा हा धनको आहे. त्याचे देणे सर्वांत आधी फेडले पाहिजे.

आणखी एक सूचना माझ्या जुन्या पेशातून करतो. बिदागी पाकिटातून न देता शक्य तेथे त्याच्या बँक खात्यात जमा करावी. कर्जाच्या अर्जात उत्पन्नाचा पुरावा मागितला जातो आणि वादकाकडे तो नसतो. वीस वर्षे रात्री जागून कमावलेल्या पैशाची कोठेही नोंद नसते. मग नवी पेटी घ्यायला किंवा मुलीच्या शिक्षणाला त्याला जबर व्याजाने खासगी कर्ज काढावे लागते. पाकिटातील रोकड आठवडाभरात संपते. खात्यावरील जमा नोंद दोन-तीन वर्षे साचली की तीच त्याची पत बनते. आपल्याला एका रुपयाचाही जादा भार नाही, आणि एका कुटुंबाला बँकेचे दार उघडते.

यंदा घरी कार्य ठरविताना खर्चाची यादी कराल, तेव्हा संगीताची रक्कम शेवटी ‘इतर’ या सदरात न लिहिता स्वतंत्र ओळीत लिहावी : ठरलेली रक्कम, दिलेला इसार, आणि उरलेली रक्कम देण्याची तारीख. तारीख कार्यक्रमाचीच असावी.